चढणीचे मासे आणि रायपूरचे केवट

पहिला दमदार पाऊस झाला, ओढ्याला गढूळ पाणी आले, की मासा प्रवाहाच्या उलट अंगावर चढू लागतो. कोकणात आणि मावळात याला चढणीचे मासे म्हणतात, आणि त्या थोड्या दिवसांची वाट वर्षभर पाहिली जाते. रायपूरच्या मैदानातही हेच घडते. धानाच्या बांधीतून पाणी उतरावे म्हणून पारीला, म्हणजे बांधाला, एक तोंड ठेवलेले असते, छत्तीसगढीत त्याला मुही म्हणतात. त्या तोंडाशी चोरिया लावतात. चोरिया म्हणजे बांबूच्या कामट्यांचा लांबट पिंजरा. त्याच्या तोंडाच्या काड्या आतल्या बाजूला वळवलेल्या असतात, त्यामुळे मासा शिरतो तो बाहेर पडू शकत नाही. कोतरी, टेंगना, मोंगरी, बामी, खोकसी असे बोटभर ते हातभर लांबीचे जीव तलावातून ओहोळात, ओहोळातून शेतात चढतात, उथळ कोमट पाण्यात अंडी घालतात आणि पाणी ओसरू लागले की परततात. जगाला चढणीचा मासा म्हणून माहीत आहे तो सामन: समुद्रातून नदीत शिरणारा, शेकडो मैल वर जाऊन जन्माच्या ओढ्यात अंडी घालणारा. (मुंबईच्या हॉटेलांत 'इंडियन सामन' या नावाने येतो तो आपला रावस, त्याचा या मंडळींशी काही संबंध नाही.) सामन घटला, त्यावर जगणारे लोक देशोधडीला लागले, यावर ग्रंथच्या ग्रंथ निघाले आहेत. छत्तीसगडच्या चढणीच्या माशांची कहाणी त्या मानाने कोणी सांगितलेली नाही. याचे एक कारण असे की इथे मासा घटला असे आकडे म्हणतच नाहीत. आकडे म्हणतात, मासा वाढला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हा या लेखाचा विषय आहे.

रायपूर हे तलावांचे शहर, असे शहरवासी अजून म्हणतात, थोड्या सवयीने आणि थोड्या खंतीने. चार्ल्स ग्रँटने संपादित केलेल्या 1870 च्या मध्य प्रांतांच्या गॅझेटियरात इथल्या एकेका तलावाची हकीकत आहे. बुढा तलाव सर्वांत जुना, किल्ल्याच्या काळचा. कंकाली तलाव एका महंताने खोदवला आणि मधोमध महादेवाचे छोटे देऊळ बांधले. महाराजबंध मराठ्यांच्या अमदानीतल्या एका महसूल-मक्तेदाराचा, आणि त्याच्याच जवळ बिंबाजी भोसल्यांनी बांधलेले रामाचे देऊळ. तेलीबांध्याच्या नावातच त्याचा कर्ता आहे. राजे, महंत, मक्तेदार, तेली, सावकार अशा सगळ्यांनी पुण्य आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळतील म्हणून पाणी अडवले. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात 1741 पासून 1854 पर्यंत कधी थेट, कधी सैल अशी टिकली, आणि त्या काळात तलाव बांधणे हा गाव वसवण्याचाच एक भाग होता. भंडारा-गोंदियाच्या वाचकाला हे सांगायला नको. तिथले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, याच व्यवस्थेची पश्चिमेकडची शाखा आहेत. एकाच प्रांताचे हे दोन तुकडे होते आणि एकाच महसुली कायद्याखाली वाढले. तिकडचा धीवर इकडे धीमर किंवा केवट होतो, एवढाच फरक.

केवटांविषयी सर्वांत हाताशी असलेला जुना पुरावा म्हणजे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा 1916 चा जातीजमातींवरील ग्रंथ. त्यात केवटांची संख्या 1911 साली सुमारे 1 लाख 70 हजार दिली आहे आणि ते मुख्यतः दुर्ग, रायपूर, बिलासपूर या छत्तीसगडच्या जिल्ह्यांत असल्याचे म्हटले आहे. त्यांचे धंदे मासेमारी, नाव चालवणे, धान्य भाजणे आणि शेती. या चार धंद्यांकडे नीट पाहावे. पावसात नाव आणि मासा, हिवाळ्यात शेत, आणि उरलेल्या दिवसांत बायकांनी भट्टीवर भाजलेले मुर्रे, म्हणजे आपले मुरमुरे. धीमरांकडे याशिवाय पाणी वाहणे, पालखी उचलणे आणि तलावातला शिंगाडा. मासेमारी हा कधीच एकटा धंदा नव्हता. तो पाण्याभोवतीच्या कामांच्या जुडग्यातला एक होता, आणि जुडगे होते म्हणूनच माशाचे वाईट वर्ष निभावून नेता येत होते. बिलासपूरचे नाव बिलासा नावाच्या केवटिणीवरून पडले अशी लोककथा आहे. इतिहास म्हणून ती सिद्ध करता येणार नाही, पण एका मोठ्या शहराने आपला उगम कोळिणीच्या झोपडीत शोधावा, यातून अरपेच्या काठी केवटांचे स्थान काय होते ते दिसते.

या जुन्या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. तलाव मालगुजाराचा, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकाचा, असे, आणि शिंगाडा-मासळीसाठी तो खंड किंवा वाटा घेई. पण तो कशाचा खंड घेई हे पाहण्यासारखे आहे. तलावात मासा मालगुजाराने निर्माण केलेला नसे. तो पावसाबरोबर येई, चढे, उतरे. तो केव्हा, कुठल्या तोंडाने, कुठल्या नक्षत्रात येतो हे ज्याला ठाऊक, त्याच्या हाती तो लागे. मालकाच्या हाती पाणी होते आणि केवटाच्या हाती माशाचे वेळापत्रक. दोघांना एकमेकांची गरज होती. माझे म्हणणे थोडक्यात हे: स्वतः चढून येणाऱ्या माशावर हक्क सांगायचा तर त्याची वाट ठाऊक असावी लागते, आणि सोडलेल्या माशावर हक्क सांगायचा तर खरेदीची पावती लागते. रायपूरच्या परिसरात गेल्या शंभर वर्षांत पहिल्या प्रकारचा मासा कमी होत गेला आणि दुसऱ्या प्रकारचा वाढत गेला. केवटांचे जे नुकसान झाले ते माशांच्या एकूण वजनात कधीच दिसणार नाही, कारण ते वजनाचे नुकसान नाही, हक्काचे आहे.

वाट तुटण्याची सुरुवात चांगल्या हेतूने झाली. 1899-1900 चा दुष्काळ छत्तीसगडवर फार वाईट कोसळला. त्यानंतर महानदीच्या खोऱ्यात पाटबंधाऱ्यांची कामे निघाली. धमतरीजवळ रुद्रीचा बंधारा झाला, 1921 मध्ये तांदुला धरण पुरे झाले, आणि 1923 मध्ये सिलयारी नदीवर माडमसिल्ली. सायफनच्या सांडव्यांमुळे माडमसिल्ली आजही अभियंत्यांच्या कौतुकाचा विषय आहे. पुढे 1978 च्या सुमारास गंगरेल आले, ज्याचे पाणी रायपूर, धमतरी आणि भिलाईचा पोलाद कारखाना वापरतात. या धरणांनी धानाची शाश्वती दिली, हे नाकारणे खोटेपणाचे ठरेल. दुष्काळात मेलेल्यांत केवटही होतेच. पण प्रत्येक आराखड्यात पाणी मोजले गेले ते घनफुटांत आणि एकरांत. माशाची वाट हे मोजण्याचे एकक कोणाच्या वहीत नव्हते. महानदीच्या खोऱ्यातल्या महाशीराचेच पाहा. खडकाळ, वाहत्या पाण्याकडे चढून अंडी घालणारा हा मोठा गोड्या पाण्याचा मासा. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज गळबहाद्दर त्याची तुलना सरळ सामनशी करीत. ए. डेव्हिड या मत्स्यशास्त्रज्ञाने 1953 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला महानदीचे नाव दिले. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत तो हिमालयाच्या सोनेरी महाशीराहून वेगळा नसल्याचे निघाले, पण ते असो. आज तो निर्धास्त दिसतो तो संबलपूरजवळ हुमाच्या देवळापाशी, जिथे देवाचा म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीतल्या माशांसारखेच हे. देवळाचा घाट मासा वाचवतो, पण नदी मोकळी ठेवणे देवळाच्या हाती नाही.

डेव्हिडने नाव दिल्यानंतर चारच वर्षांनी, 13 जानेवारी 1957 रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते हिराकुडचे उद्घाटन झाले. जलाशय साडेसातशे चौरस किलोमीटरच्या जवळपास, त्याचे शेपूट आजच्या छत्तीसगडातल्या रायगडपर्यंत येते. धरणापूर्वीच्या पाहणीत या नदीत 103 जातींचे मासे नोंदले गेले होते, आणि नंतरच्या पाहण्यांत जलाशयात सापडणाऱ्या जाती त्याहून बऱ्याच कमी भरल्या. समुद्राकडून गोड्या पाण्यात चढणारा हिलसा, जो या नदीतला खऱ्या अर्थाने सामनचा भाऊ, त्याला कटकजवळच्या जुन्या बंधाऱ्यांनी आधीच अडवले होते. हिराकुडने वरचा दरवाजाही बंद केला. गंगेत हेच 1975 मध्ये फराक्क्याने केले, आणि अलाहाबादकडे जाणारा हिलसा संपला. योगायोग असा की त्याच 1957 च्या 10 मार्चला अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या डॅल्स धरणाची दारे उतरवली गेली आणि काही तासांत सेलिलोचा धबधबा पाण्याखाली गेला. हजारो वर्षे याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज, नेझ पर्स या जमाती तिथे लाकडी मचाणांवर उभ्या राहून लांब दांड्याच्या जाळ्यांनी सामन काढत आल्या होत्या.

पण 1957 ची तिसरी तारीख आपल्या विषयाला सर्वांत जवळची आहे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात, म्हणजे याच महानदीच्या खालच्या अंगाला, हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावले. आता तो दिवस देशात मत्स्यपालक दिन म्हणून पाळतात. त्या प्रयोगाचे महत्त्व कळण्यासाठी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते: रोहू, कतला, मृगल हे आपले मोठे मासे उभ्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना त्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते. तोवर तलावात रोहू सोडायचा तर त्याचे जिरे नदीच्या पुरातून गाळून आणावे लागे. बंगालमधून मातीच्या हंड्यांतून ते रेल्वेने देशभर जाई, आणि पिल्ले गुदमरू नयेत म्हणून सोबतचा माणूस रात्रभर हंडीतले पाणी हलवत बसे. नदीशिवाय मासा नव्हता. चौधुरींनी केले ते असे: माशाच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढायची, मद्यार्कात ठेवायची, मग खलून तिचा अर्क गाभोळीच्या मादीला शेपटीच्या बुडाशी टोचायचा. काही तासांनी दुसरी मात्रा, तेव्हाच नरालाही एक. संध्याकाळी जोडी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पिंजऱ्यात, सोडायची. पहाटे हाप्याच्या तळाशी फुगलेल्या पारदर्शक अंड्यांचा थर दिसतो, साबुदाण्याच्या खिरीसारखा. पुराचा निरोप ग्रंथीच्या अर्काने दिला आणि मासा फसला. मानवी कौशल्याचा हा एक सुंदर नमुना आहे, यात शंकाच नाही. जानेवारीत त्या नदीवर माशाची वाट बंद झाली आणि जुलैत, तीनशेच्या आत किलोमीटरवर, माशाला वाटेची गरजच उरली नाही.

या दोन घटना एकत्र वाचल्या नाहीत तर पुढचे काहीच समजत नाही. मत्स्यबीज बाजारात मिळू लागले तसा तलाव ही ठेक्याने देण्याची वस्तू झाली. तोवर तलावाचा मालक बदललेला होता. मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 31 मार्च 1951 पासून तलाव सरकारजमा झाले. शोषक मध्यस्थ गेला म्हणून केवटांनाही बरे वाटले असेल. पण मालगुजारीबरोबर गावच्या चालीरीतींचे कागदही नव्या घरात राहायला आले. इंग्रजी बंदोबस्तात प्रत्येक गावाचा वाजिब-उल-अर्ज लिहिला गेला होता, म्हणजे पाणी, चराई, सरपण यांबद्दलच्या रिवाजांची नोंद. मध्य प्रदेशच्या 1959 च्या जमीन महसूल संहितेने ही प्रथा कलम 242 मध्ये टिकवली आणि त्यात मासे धरण्याच्या हक्काचा स्पष्ट उल्लेखही केला. फक्त एक अट घातली: जी जमीन किंवा पाणी सरकारच्या वा स्थानिक संस्थेच्या मालकीचे, ताब्यातले किंवा व्यवस्थापनाखालचे नाही, त्यापुरतेच. आता बहुतेक सारे तलाव सरकारचे किंवा पंचायतीचे. म्हणजे हक्काची वही शाबूत राहिली आणि हक्क लावायला पाणी उरले नाही. कायद्याच्या पुस्तकात इतकी सभ्य हकालपट्टी क्वचितच वाचायला मिळते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि वजनदार आहे. छत्तीसगडात मासळीचे उत्पादन राज्य झाल्यापासून कितीतरी वाढले. मत्स्यबीजात राज्य देशात पहिल्या काहींत गणले जाते. गरिबाच्या ताटात आज जितका रोहू येतो तितका त्याच्या आजोबांच्या ताटात येत नव्हता. मग घटले काय? जगातही हेच झाले आहे. 2022 मध्ये पाळलेल्या जलचरांचे उत्पादन पकडलेल्यांच्या पुढे गेले, असे जागतिक अन्न व कृषी संघटनेचे आकडे सांगतात, आणि बाजारातला बहुतेक सामनही आता पिंजऱ्यातला असतो. हे सगळे मान्य करून मी एवढेच विचारतो की वाढलेला मासा कोणाच्या नावावर वाढला. ठेका घ्यायचा तर रक्कम हवी, बीज हवे, खाद्य हवे, राखण हवी, आणि पैसे परत येईपर्यंत वर्षभर थांबण्याची ऐपत हवी. चोरिया विणणाऱ्याकडे यातले काहीच नसते. म्हणून सहकारी संस्था केवटांची आणि भांडवल दुसऱ्याचे, हा प्रकार गावोगाव ओळखीचा झाला. शिवाय ठेक्याच्या तलावात रोहू-कतल्याची बोटुकली सोडायची म्हणजे आधी तलाव 'साफ' करायचा. त्या सफाईत मरळ, मागूर, शिंगटी हे 'नको असलेले' मासे जातात, आणि पाणवनस्पतीही. पेलना, म्हणजे बांबूच्या त्रिकोणी चौकटीची ढकलजाळी, घेऊन काठाकाठाने घरच्या कालवणापुरते छोटे मासे धरणाऱ्या बाईचा मासा हाच होता. तो कुठल्याही वजनकाट्यावर कधी चढला नाही, त्यामुळे गेला तेव्हा आकड्यांत उणेही दिसला नाही.

दुसरा आक्षेप असा की मासे मच्छीमारांनीच संपवले: बारीक आसाची जाळी, विष, सुरुंग. हाही खोटा नाही, पण तो किती जुना आहे ते पाहावे. फ्रान्सिस डे याने 1873 मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या मासेमारीवर अहवाल दिला. जिल्ह्याजिल्ह्यांतून त्याने मागवलेल्या उत्तरांत हीच तक्रार आहे, शेतात चढलेली पिल्ले सापळ्यांनी धरतात हीसुद्धा. 1897 च्या मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विषाला बंदी केली ती याच वादाच्या पाठीवर. चढणीच्या, गाभोळीच्या माशाला पारीवरच अडवणे ही शहाणपणाची रीत नाही, हे डेचे म्हणणे मला पटते. पण तो हीच गोष्ट बंधाऱ्यांबद्दलही सांगत होता, की माशाला वर जायला वाट ठेवा. सरकारांनी त्याच्या सल्ल्यातला गरिबाच्या जाळ्याला लागू होणारा भाग उचलला आणि स्वतःच्या भिंतींना लागू होणारा सोडून दिला. आणि चोरियाने शेकडो वर्षांत जे संपले नाही ते दोन पिढ्यांत कसे संपले, याचे उत्तर चोरियात सापडणार नाही. पारीच्या मुहीतून निसटलेला मासा पुढच्या ओहोळात शिरू शकत होता. धरणाच्या भिंतीतून आणि रायपूरजवळच्या सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांचे पाणी पोटात घेणाऱ्या नाल्यातून निसटण्याची सोय नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. मासेमारी हा जातीने बांधलेला धंदा. पालखी उचलणे, दुसऱ्याच्या घरी पाणी भरणे ही धीमरांच्या वाट्याला आलेली कामे काही सुखाची नव्हती. केवटाचा मुलगा भिलाईच्या कारखान्यात गेला, रायपुरात दुकान काढले, तर त्याबद्दल गळा कशाला काढायचा? अजिबात काढू नये. पण हे स्थलांतर एकेरी नव्हते. मासा हलक्या जातीचे काम होता तोवर त्यात कोणी वाटेकरी झाला नाही. तलाव नगदी देऊ लागल्याबरोबर ज्यांनी जन्मात जाळे हाती धरले नव्हते ते बोलीला उभे राहिले. धंद्याचा विटाळ फिटला, आणि त्या क्षणी धंदा जुन्या लोकांच्या हातून निसटू लागला. जात मोडली म्हणून हे झाले असते तर आनंद होता. इथे भांडवलाने जातीला फक्त वळसा घातला. ज्यांना बाहेर पडायचे होते ते बाहेर पडले असे म्हणण्यापेक्षा, ज्यांना आत राहायचे होते त्यांनाही दार बंद झाले, हे जास्त खरे. सरकारलाही हे कळते. म्हणून तर 2022 च्या सुधारित धोरणात लिलावाऐवजी दहा वर्षांचा पट्टा आणि धीमर, निषाद, केवट, कहार, मल्लाह अशा पारंपरिक समाजांना प्राधान्य आले. त्याआधी 2021 मध्ये मत्स्यपालनाला शेतीचा दर्जा मिळाला, त्यामुळे कर्ज आणि वीज स्वस्त झाली. धोरण चांगले आहे. पण ते पाळलेल्या माशाचे धोरण आहे. नदीच्या माशाला पट्टा देता येत नाही.

नदीलाच पट्टा देता येतो, हे मात्र रायपूरच्या औद्योगिक विकास निगमाने 1998 मध्ये दाखवून दिले होते. दुर्गजवळ शिवनाथ नदीचा साडेतेवीस किलोमीटरचा पट्टा बोरईच्या उद्योगांना पाणी पुरवण्यासाठी एका खासगी कंपनीला 22 वर्षांच्या कराराने दिला गेला. काठच्या गावांना नदीत उतरणे, मासे धरणे मुश्कील झाले, जाळी अडवली गेली. गदारोळ झाला, देशभर 'नदी विकली' म्हणून गाजले, आणि 2007 मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. त्या वादात पाण्याचा दर, सरकारची मालमत्ता, करारातल्या त्रुटी यांवर पुष्कळ बोलले गेले. शेवटी सगळा प्रश्न पाणी कोणाचे इथे येऊन थांबला, आणि माशाचे काय, हे आंदोलनाच्या फलकांवर राहिले, निकालाच्या मुद्द्यांत नाही. महानदीच्या पाण्यावरून ओडिशा आणि छत्तीसगड यांच्यात 2018 पासून लवाद चालू आहे. तिथेही भाषा दशलक्ष एकर-फुटांची आहे. शहरातले तलाव तर वेगळ्याच वाटेने गेले. रजबंधा बुजवून त्याचे मैदान झाले आणि त्यावर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. नावात तेवढा बंधारा शिल्लक आहे. तेलीबांध्याचा काठ फरसबंद होऊन त्याला लोक मरीन ड्राइव्ह म्हणू लागले. समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत असलेल्या गावाने तळ्याला हे नाव द्यावे यात हौस आहे, तशी थोडी विस्मृतीही आहे. काठाला काँक्रीट आले की पाणवनस्पती जातात, सांडवा बांधून घेतला की ओहोळ तुटतो, आणि मग तळ्यात सोडलेला मासाच राहू शकतो.

सेलिलोच्या काठच्या जमातींशी तुलना इथे उपयोगी पडते, कारण फरक माशात नाही, कागदात आहे. त्यांनी 1855 मध्ये केलेल्या तहांत नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला होता. शंभर वर्षे तो कागद धूळ खात पडला, धबधबाही बुडाला. पण हक्क जागेपुरता नव्हता, माशावर होता. म्हणून 1974 मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या खटल्यात न्यायाधीश बोल्ट यांनी अशाच तहांचा अर्थ लावून पकडता येण्याजोग्या सामनपैकी अर्धा वाटा जमातींचा ठरवला. त्यानंतर मासा किती हे मोजणे सरकारला भाग पडले, कारण अर्धे द्यायचे तर पूर्ण किती ते ठाऊक हवे. आणि मोजणी सुरू झाली की धरणांचा हिशेब मागता येतो. एल्व्हा नदीवरची धरणे 2014 पर्यंत उतरली, क्लामथवरची चार 2024 पर्यंत. तिथेही सगळे आलबेल नाही, सामन अजून संकटातच आहे. पण रायपूरच्या वाजिब-उल-अर्जाला असा बोल्ट मिळाला नाही, कारण कलम 242 च्या अटीने खटल्याची जागाच काढून घेतली होती. जवळचे उदाहरण हवे असेल तर ते तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या तवा जलाशयाचे आहे. तिथल्या विस्थापित आदिवासींच्या संघाला 1996 मध्ये मासेमारीचा हक्क मिळाला आणि त्यांनी दहाएक वर्षे तो व्यवस्थित चालवून दाखवला. भंडारा जिल्ह्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवरांच्या संस्थांना बरोबर घेऊन मामा तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक मासे परतले, हेही नोंदवण्यासारखे आहे. दोन्हीकडे आधी हक्क किंवा जबाबदारी स्पष्ट झाली, मग मासा आला. क्रम उलटा नव्हता.

छत्तीसगडच्या नदीय मत्स्योद्योग नियमांनुसार दर वर्षी 16 जूनपासून 15 ऑगस्टपर्यंत नद्या-नाल्यांत आणि त्यांच्याशी जोडलेल्या तलाव-जलाशयांत मासे धरायला बंदी असते. हे दोन महिने म्हणजे नेमके चढणीचे दिवस. माशाला अंडी घालू द्यावीत, यात गैर काही नाही. बंदीच्या काळात मच्छीमाराला बचत-सह-राहत योजनेतून आधार मिळतो: त्याने वर्षभरात दीड हजार साठवायचे, सरकार तीन हजार घालते, आणि तीन महिने दीड-दीड हजार हाती येतात. त्यासाठी तो सहकारी संस्थेचा सभासद असावा लागतो. बंदीला एक सूटही आहे. ज्या तलावाचा कुठल्याही नदी-नाल्याशी संबंध नाही तिथे, आणि जलाशयातल्या पिंजऱ्यांत, मासेमारी चालू राहू शकते. त्यामुळे आषाढातही रायपूरच्या मासळीबाजारात बर्फावर रोहू आणि कतला एका मापाचे, एका रंगाचे, रांगेने मांडलेले असतात. मोंगरी क्वचित येते. आली तर पितळी परातीत, थोड्या पाण्यात, जिवंत असते, आणि रोहूहून महाग असते.